मेघनाद आणि फरिदपूरचा संप



बंगाली कवींच्या नजरेवर इंग्रजांचा परिणाम झाला का, असा आजचा विषय. झाला. त्यात वाद कसला? मला विचारायचंय ते एवढंच, की ही नवी नजर कुणाच्या घरात शिरली?

१८१७ साली कलकत्त्यात हिंदू कॉलेज निघालं. प्रतिष्ठित हिंदूंच्या पोरांसाठी. मायकेल मधुसूदन दत्त तिथलाच. १८४३ साली ख्रिस्ती झाला, तसं कॉलेजचं दार बंद. पुढं इंग्रजीत काव्य लिहिलं, तर बेथून नावाच्या साहेबानं सुचवलं, बाबा, तुझ्या भाषेत लिही. म्हणजे आईच्या भाषेकडं परतायची वाटही साहेबानंच दाखवली! तरी १८६१ सालचं त्याचं 'मेघनादवध काव्य' मी मानतो. रामाला बाजूला सारून रावणाच्या पोराला नायक करायला छाती लागते. ती मिल्टन वाचून आली असेल तर येवो, आपलं काय बिघडलं?

रंगलाल बंदोपाध्यायला पराक्रमी माणसं हवी होती. ती त्यानं टॉडसाहेबाच्या राजस्थानच्या इतिहासातून उचलली, १८५८ साली 'पद्मिनी उपाख्यान' लिहिलं. बंगालच्या चिखलातली माणसं नाही दिसली.

ती माणसं काय करत होती? १८७३ साली फरिदपूर-बाकरगंजकडं एका चांडाळ पुढाऱ्यानं श्राद्धाचं जेवण घातलं. (ही शिवी तेव्हा जातीचं नाव होती. शिरगणतीत नामशूद्र हे नाव मिळवायला १९११ साल उजाडलं.) वरच्या जातवाल्यांनी ताटावर बसायला नकार दिला. चांडाळांनी त्यांचं काम बंद केलं. शेतातलं, घरातलं, सगळं. एक दिवस नव्हे, महिनोन्‌महिने! त्याच वर्षी मधुसूदन वारला. त्याच वर्षी जोतीरावांनी पुण्यात सत्यशोधक समाज काढला. हा संप मला कवितेत नाही भेटला, साहेबाच्या पोलिसांच्या अहवालात भेटला. लंकेपर्यंत पोचलेल्या डोळ्यांना फरिदपूर दिसलं नाही.

दोष इंग्रजीचा म्हणाल तर मी नाही म्हणेन. ओराकांदीच्या गुरुचांद ठाकुरांनी मीड नावाच्या मिशनऱ्याला हाताशी धरून नामशूद्रांच्या पोरांना इंग्रजी शाळेत बसवलंच की. त्यांचे वडील हरिचांद, यांचं चरित्र तारक सरकार या कवियालानं पद्यात रचलं. १९१६ साली ते 'श्रीश्रीहरिलीलामृत' म्हणून छापून आलं. मतुआंच्या घरात ते आजही वाचतात.

१९४६ साली बाबासाहेबांना घटना समितीवर पहिल्यांदा पाठवलं ते याच बंगालनं. जोगेंद्रनाथ मंडलांनी त्यासाठी रान उठवलं. त्या माणसांची पोथी माझ्या पिशवीत आहे, पण मला नीट वाचता येत नाही. सभेत कुणाला बंगाली येत असेल तर त्यानं मागं थांबावं. आज रात्रीच दोन पानं मराठीत करू.