रिन्युअलची तारीख उलटल्यावर

वणी, घाटंजी, झरीपासून थेट आदिलाबादपर्यंतच्या गावांतून आलेले कर सल्लागार, दिवाणजी, संगणक विक्रेते व डीटीपीवाले मित्रहो,

अध्यक्षाने पहिली दहा मिनिटं आभारात घालवायची असतात. ती वाचवतो, कारण जेवणाआधी एका विषयावर आपलं थोडं भांडण व्हावं अशी माझी इच्छा आहे. विषय आहे दरसाल पैसे मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा.

"भाऊ, मागच्या साली तं पैसे भरले न, आता पुन्हा कायचे?" हा प्रश्न ऐकला नाही असा माणूस या सभागृहात नसेल. आपण सांगतो, अपडेटचे. गिऱ्हाईक मान हलवतं, पण त्याला ते पटलेलं नसतं. काटा त्याने एकदा घेतला, तिजोरी एकदा घेतली. मग हिशेबाचा प्रोग्रामच तेवढा दरसाल का घ्यायचा?

खरं तर आपल्या कापूसपट्ट्यातल्या पांढरकवड्याच्या माणसाला हे नवं नाही. एके काळी सरकी घरची असायची, चांगल्या बोंडांचं बी पुढच्या सालासाठी राखून ठेवायचं. संकरित वाण आले, २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि मृगाच्या तोंडावर ४५० ग्रॅमचं पाकीट आणणं हा दरसालचा खर्च होऊन बसला. त्या पाकिटाच्या किमतीत तंत्रज्ञानाचं शुल्कही बसलेलं होतं. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने किमतीवर नियंत्रण आणलं. बीजी-२ या बीटी तंत्रज्ञानाच्या पाकिटावरचं ते शुल्क पुढच्या हंगामात ४९ रुपये ठरलं आणि उतरत उतरत २०२० मध्ये शून्यावर आलं. सॉफ्टवेअरच्या शुल्काला असा हात घालणारं कुणी नाही. चोरबीटी, म्हणजे विनापरवाना माल, मात्र दोन्हीकडे आहे. आपल्या धंद्यातली कुठल्या पेन ड्राइव्हमधून फिरते, ते या सभेत सांगायची गरज नाही.

तरीही दरसाल पैसे मागणं म्हणजे लूट, असं मी म्हणणार नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि एकदा घेऊन दहा वर्षं चालणारा हिशेबाचा प्रोग्राम ही कल्पनाच निकालात निघाली. ई-इनव्हॉइस ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींच्या वरच्या उलाढालीला लागू होतं. ऑगस्ट २०२३ पर्यंत ही मर्यादा ५ कोटींवर आली आणि आपल्या जिनिंगवाल्यांच्या दारात पोचली. नियम बदलतात, त्यांच्यामागे कुणीतरी बसून प्रोग्राम बदलतो, आणि त्याला पगार लागतो. श्यामसुंदर आणि भरत गोयंका या पितापुत्रांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या टॅलीने मधली वाट काढली. परवाना कायमचा विकत घ्या, अपडेटचे पैसे दरसाल भरा. नाही भरले तर नव्या आवृत्त्या आणि ऑनलाइन सोयी थांबतात, पण जुनं खातं उघडतं. हे 'उघडतं' फार महत्त्वाचं आहे.

डीटीपीचे प्रोग्राम बनवणाऱ्या ॲडोबीने ही वाट ठेवली नाही. मे २०१३ मध्ये कंपनीने जाहीर केलं की यापुढे क्रिएटिव्ह सूटमधल्या (सीएस) प्रोग्रामच्या नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर मिळतील. कायमची विकत मिळणारी सीएस६ ही शेवटची. आपल्याकडच्या छापखान्यांत अजून पेजमेकर चालतो, याचं एक कारण हेच आहे. कंपनीने केव्हाच टाकून दिलेला तो प्रोग्राम विकत घेतलेला (किंवा कुणाकडून तरी 'आणलेला') असतो आणि तारीख विचारत नाही. वर्गणी मध्येच सोडणाऱ्याला बसणारा भुर्दंड लपवला आणि बाहेर पडणं मुद्दाम अवघड केलं, असा आरोप ठेवून जून २०२४ मध्ये अमेरिकी सरकारने ॲडोबीवर खटला भरला.

आता माझा मुद्दा. महिन्याला किती, वर्षाला किती, यावर आपण फार घासाघीस करतो. मला वाटतं, विचारायचं ते वेगळंच आहे: पैसे भरणं थांबवलं, तर दुसऱ्या दिवशी माझ्या हातात काय राहतं?

जिनिंगचंच घ्या. नोंदणी नसलेल्या शेतकऱ्याकडून कापूस घेतला की नोव्हेंबर २०१७ पासून त्यावरचा कर रिव्हर्स चार्जने खरेदीदार भरतो. म्हणजे काट्यावरच्या प्रत्येक गाडीमागे काटापट्टी, त्यावरून आपणच आपल्याला काढलेलं बिल, आणि चुकाऱ्याची नोंद. हंगामात अशा नोंदींचा ढीग पडतो. जीएसटी कायद्याचं कलम ३६ सांगतं, वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हे सगळं जपा. आता समजा, खातं ऑनलाइन प्रोग्रामवर होतं, तिसऱ्या वर्षी दर वाढले आणि मालकाने दुसरा प्रोग्राम धरला. जुनी कंपनी ठरावीक दिवस वाट पाहून माहिती पुसून टाकते. तसं करारात लिहिलेलंच असतं, वाचलेलं कुणी नसतं. पाचव्या वर्षी नोटीस आली तर साहेबांपुढे काय ठेवणार? कायद्याची मुदत ७२ महिने आणि वर्गणीची १२. मधल्या फरकाचं ओझं आपल्या डोक्यावर.

आणि दार बंद व्हायला पैसे थकलेलेच असावे लागतात असंही नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने वाडीनारचा तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जीच्या सेवा थांबवल्या. नायराचं म्हणणं होतं, परवान्यांचे पैसे पूर्ण भरलेले आहेत. दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतल्यावर काही दिवसांत सेवा सुरू झाली. नायराकडे दिल्लीतले वकील होते. आपल्या गिऱ्हाइकाकडे आपण आहोत.

घरच्या ग्राहकाला थोडं संरक्षण मिळालं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे कार्डावरून आपोआप पैसे कापण्याआधी २४ तास सूचना यावी लागते. केंद्राने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत ज्या १३ फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली, त्यांत वर्गणीचा सापळाही आहे. पण २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा धंद्यासाठी खरेदी करणाऱ्याला सहसा ग्राहक मानत नाही. पोटापुरता छापखाना चालवणारा कदाचित त्यात बसेल, जिनिंगचा मालक बसणार नाही. मोबाइलवर मालिका पाहणाऱ्याला जे मिळतं, ते लाखोंचं खातं ठेवणाऱ्याला नाही.

वर्गणीने गिऱ्हाइकाची सवयही बदलली, हे संगणक विक्रेत्यांनी लक्षात घ्यावं. डबा विकला, संपलं, असं आता होत नाही. महिनाभर वापरून बघतो, नाही जमलं तर सोडतो, रात्री अडलं तर रात्रीच फोन उचला, असं तो म्हणतो आणि त्यात त्याचं चुकत नाही. जो दरसाल पैसे देतो, तो दरसाल हिशेबही मागणार. नोव्हेंबर ते मार्च चालणाऱ्या जिनिंगला तर तेवढ्याच महिन्यांचं भाडं सोयीचं. ते सुचवण्याऐवजी आपण त्याला वर्षाचं गळ्यात मारतो, कारण कमिशन त्यावर जास्त.

दुपारच्या सत्रातल्या ठरावात एक कलम घाला, एवढी माझी सूचना आहे. आपल्यापैकी कुणीही ऑनलाइन हिशेबाचा प्रोग्राम सुचवताना तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: वर्गणी थांबल्यावर खातं किती दिवस उघडेल, सगळी माहिती एक्सेलसारख्या कुठेही वाचता येणाऱ्या फायलीत मिळेल का, आणि दरवाढ किती दिवस आधी कळवणार. तोवर प्रत्येक ३१ मार्चला पूर्ण खातं उतरवून गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या डिस्कवर द्यावं. मसुदा समितीत जिनिंगच्या एका दिवाणजींना आणि एका डीटीपीवाल्याला घ्या. नुसत्या सीए मंडळींवर हे काम सोडू नका. चर्चेला सुरुवात करा.