नखाएवढी चिप आणि राष्ट्राचे सामर्थ्य

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आपली कळंबोली लोखंडाच्या बाजारासाठी ओळखली जाते. एका व्यापाऱ्याकडे पत्रा नसला तर दुसऱ्याकडे मिळतो. फार तर दोन पैसे जास्त पडतात. आज मी ज्या वस्तूविषयी बोलणार आहे ती नखाएवढी असते, पण एका ठिकाणी अडली की दुसरीकडे सहसा मिळत नाही. ती म्हणजे चिप. मोबाइल, मोटार, रुग्णालयातील यंत्रे, क्षेपणास्त्रे या सर्वांचा मेंदू तोच.

करोनाच्या साथीच्या काळात जगभर चिपचा तुटवडा पडला. सप्टेंबर 2021 मध्ये महिंद्र कंपनीला आपल्या मोटारींच्या कारखान्यांत सुमारे सात दिवस उत्पादन बंद ठेवण्याचे जाहीर करावे लागले. लोखंड होते, कामगार होते, गिऱ्हाईकही होते. चिप मात्र नव्हती.

असे का व्हावे? चिप कोणत्याही एका देशात पूर्णपणे तयार होत नाही. सर्वांत प्रगत चिप्स बहुतांशी तैवानमध्ये बनतात. त्यांसाठी लागणारे अतिसूक्ष्म छपाईचे यंत्र जगात नेदरलँड्सची एएसएमएल ही एकच कंपनी करते. आणि त्या यंत्राचे आरसे जर्मनीतून येतात. या साखळीतील एखादी कडी ज्याच्या मुठीत, त्याच्या शब्दाला जगात वजन. 2019 मध्ये जपानने दक्षिण कोरियाला जाणाऱ्या तीन पदार्थांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. 2022 मध्ये अमेरिकेने प्रगत चिप्स व यंत्रे चीनला देण्यावर कडक निर्बंध लादले. 2023 मध्ये चीनने गॅलियम आणि जर्मेनियम यांची निर्यात परवान्याखाली आणली. एकही गोळी न झाडता एकमेकांची कोंडी करण्याचे हे नवे शस्त्र आहे.

आपल्या देशाला हा अनुभव पूर्वीच आला आहे. 1980 च्या दशकात अमेरिकेने हवा तो महासंगणक देण्यास नकार दिला. तेव्हा 1988 साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 साली ‘परम 8000’ तयार झाला. त्यातील प्रोसेसर चिप्स मात्र ब्रिटनच्या होत्या! यात कमीपणा नाही. अनेक लहान चिप्सना एकत्र राबविण्याची विद्या आपल्या माणसांची होती. सगळेच घरी करता येत नाही. पण दुसऱ्याचेही आपल्यावाचून अडेल अशी एक तरी विद्या हाती हवी. सामर्थ्य ते हेच.

केवळ पैशाने ते येत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये राज्य शासनाने आपल्या शेजारच्या तळोज्यात टॉवर-अदानी यांच्या 83,947 कोटी रुपयांच्या चिप प्रकल्पाला मंजुरी दिली. 2025 मध्ये त्यासंबंधीची बोलणी थांबल्याच्या बातम्या आल्या. प्रकल्प येतात, अडतात, दुसरीकडे जातात. शिकलेली माणसे जिथे असतील तिथे आज ना उद्या काम येतेच.

म्हणून पालकहो, दहावी झाली की मुलाला दुकानात बसवण्याची आणि मुलीला घरी बसवण्याची घाई करू नका. चिपच्या कारखान्यात केवळ मोठे इंजिनिअर नसतात. रसायनशास्त्र जाणणारे, यंत्रे सांभाळणारे, डिप्लोमा झालेले तंत्रज्ञही लागतात. आणि विद्यार्थी मित्रहो, गणिताला भिऊन शाखा निवडू नका. जे अडेल ते शिक्षकांना विचारा, दोनदा विचारा. आम्ही त्यासाठीच आहोत.