नव्वद मैलांचे पाणी

श्रोतेहो, शाळेच्या भिंतीवर टांगलेला जगाचा नकाशा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. त्यात उत्तर अमेरिकेच्या आग्नेय कोपऱ्याला फ्लॉरिडा नावाची जमिनीची एक जीभ समुद्रात उतरलेली दिसते. त्या जिभेच्या टोकाशी लहान लहान बेटांची माळ आहे. अशा बेटाला तिकडे ‘की’ म्हणतात. माळेच्या शेवटी जे गाव आहे, त्याचे नाव ‘की वेस्ट’. तिथून नकाशावर बोट जरासे खाली सरकवले, की एक लांबट, आडवे बेट लागते. ते क्युबा. आणि त्याच्या उत्तर किनाऱ्यावरचे मोठे बंदर म्हणजे त्या देशाची राजधानी, हवाना.

या दोन गावांमध्ये पाणी आहे ते सुमारे ९० सागरी मैलांचे. सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. तेव्हा अंतर झाले सुमारे १६७ किलोमीटर. मुंबई बंदरातून निघावे आणि दाभोळ ओलांडून गुहागरच्या आसपास पोचावे, साधारण तितकेच. शिडाची हौशी नाव ताशी पाच-सहा मैल चालते असे धरले, तर दुपारी की वेस्ट सोडलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी हवानाचा दीपस्तंभ पाहील.

पण श्रोतेहो, गेल्या साठांहून अधिक वर्षांत हे अंतर कधी एका रात्रीचे होते, तर कधी सात समुद्रांपलीकडचे. पाणी तेच, वारा तोच. बदलत गेली ती कागदावरची अक्षरे. आज मला आपल्याशी बोलायचे आहे ते याच पाण्याविषयी, आणि केवळ हौसेखातर शीड उभारून ते ओलांडू पाहणाऱ्या माणसांविषयी.

आधी समुद्राची गोष्ट. आपल्या कोळी आणि खारवी बांधवांना ती चटकन कळेल. या सामुद्रधुनीतून ‘गल्फ स्ट्रीम’ नावाचा उबदार पाण्याचा मोठा प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे धावतो. कुठे कुठे त्याचा वेग ताशी तीन-चार मैलांचा असतो. हवानाकडे नाक धरून सरळ निघालेली नाव रातोरात पूर्वेला वाहून जाते. म्हणून शहाणा तांडेल सुकाणू मुद्दाम पश्चिमेकडे धरतो आणि प्रवाहाला आपला हिस्सा घेऊ देतो. हिवाळ्यात उत्तरेचा किंवा ईशान्येचा जोराचा वारा सुटला, की प्रवाह एकीकडे आणि वारा त्याच्या अंगावर, असे होते. मग लाटा उभ्या भिंतीसारख्या उठतात. अशा वेळी तिकडचे दर्यावर्दी धक्क्याला दोर बांधून बसतात आणि वारा फिरण्याची वाट पाहतात. पु. ल. देशपांडे यांनी ‘एका कोळियाने’ या नावाने मराठीत आणलेली हेमिंग्वेची कादंबरी आपल्यापैकी कित्येकांनी वाचली असेल. त्यातला म्हातारा कोळी ज्या पाण्यात एकटा मासा धरायला जातो, ते हेच पाणी. हेमिंग्वे स्वतः आधी की वेस्टला राहिला, पुढे हवानाजवळ राहिला. त्याला हे दोन्ही किनारे एकाच अंगणाच्या दोन बाजूंसारखे होते.

आणि तसे ते एके काळी खरोखरच होते. १९३० साली फ्लॉरिडातील सेंट पीटर्सबर्ग या गावाहून हवानापर्यंत शिडाच्या नौकांची शर्यत सुरू झाली. श्रीमंत हौशी माणसे त्यात असत, तशी साधी दर्याची ओढ असलेलीही असत. हवानाला स्वागत व्हायचे, बक्षिसे वाटली जायची आणि नौका परत फिरायच्या. १९५९ च्या जानेवारीत क्युबात क्रांती झाली, फिडेल कॅस्ट्रो सत्तेवर आले. त्या वर्षीची शर्यत पार पडली, आणि नंतर ती थांबली.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. क्युबाच्या नव्या सरकारने अमेरिकन कंपन्यांचे कारखाने, जमिनी, तेलशुद्धीकरणाचे कारखाने ताब्यात घेतले. १९६० च्या ऑक्टोबरात अमेरिकेने क्युबाला माल पाठवण्यावर बंदी घातली. १९६१ च्या जानेवारीत दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध तुटले. १९६२ च्या फेब्रुवारीत अध्यक्ष केनेडी यांनी व्यापारबंदी जवळजवळ संपूर्ण केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात क्युबात रशियन क्षेपणास्त्रे असल्याचे उघड झाले आणि सारे जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर उभे राहिले. तेव्हा अमेरिकेच्या मनात क्युबाविषयी जी धास्ती बसली, ती काही हवेतून आलेली नव्हती, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

आता विचारण्यासारखा प्रश्न असा. दोन सरकारे भांडली तर भांडोत. पण एखाद्या साध्या नागरिकाला वाटले, की शेजारचा देश आपण आपल्या डोळ्यांनी पाहावा, तर त्याला अडवायचा अधिकार त्याच्या सरकारला आहे काय?

हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. १९५८ साली रॉकवेल केंट या चित्रकाराच्या खटल्यात न्यायालयाने म्हटले, की प्रवास करण्याचा हक्क हा नागरिकाच्या स्वातंत्र्याचाच एक भाग आहे. पण १९६५ साली दुसरा खटला आला. एका नागरिकाने क्युबाला जाण्यासाठी पासपोर्टवर शिक्कामोर्तब मागितले होते. त्याचे कारण अगदी साधे होते. तिथली परिस्थिती प्रत्यक्ष पाहावी आणि अधिक जाणता नागरिक व्हावे. त्याला नकार मिळाला. सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली. न्यायालयाचे म्हणणे असे, की बोलण्याचे स्वातंत्र्य आहे म्हणून माहिती गोळा करायला वाटेल तिथे जाण्याचे स्वातंत्र्य मिळते असे नाही.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हा निकाल वर्गात चर्चेला घेण्यासारखा आहे. दोन्ही बाजूंना वजन आहे.

यापुढची गोष्ट अधिक मौजेची, आणि थोडी चमत्कारिकही. १९७७ साली अध्यक्ष कार्टर यांनी पासपोर्टवरची बंदी संपू दिली. १९८२ साली अध्यक्ष रेगन यांनी दार पुन्हा लोटून घेतले, पण निराळ्या रीतीने. ‘जाऊ नका’ असे नवे नियम म्हणत नव्हते. ते म्हणत होते, ‘तिथे पैसा खर्च करू नका.’ याला आधार होता तो १९१७ सालच्या, पहिल्या महायुद्धातल्या, शत्रूशी व्यापार करण्याविरुद्धच्या कायद्याचा, आणि त्याखाली १९६३ मध्ये केलेल्या नियमांचा. १९८४ साली पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने हेही मान्य केले.

आता पाहा, पाण्यावर बंदी नाही, वाऱ्यावर नाही, शिडावर नाही. बंदी खिशावर. पण बंदरात गेलेला माणूस खर्चाशिवाय राहील कसा? नौका धक्क्याला लावली की बंदरभाडे आले. पिण्याचे पाणी आले, डिझेल आले, एक वेळचे जेवण आले. काही नाविक म्हणत, ‘आम्ही एक पैसाही दिला नाही, तिथल्या मंडळींनी आमचा पाहुणचार केला.’ अशा पाहुण्याला नियमात जागा होती. पण पुढे सरकारने असे गृहीत धरायला सुरुवात केली, की जो गेला त्याने खर्च केलाच असणार. केला नसेल तर ते त्यानेच सिद्ध करावे. खर्च केल्याचा पुरावा पावतीने देता येतो. न केलेल्या खर्चाची पावती कुठून आणायची?

हवानाच्या पश्चिमेला मरिना हेमिंग्वे नावाचे विहारनौकांचे बंदर आहे. लांब लांब कालवे, आणि त्यांच्या कडेला नौका बांधायची सोय. १९९२ साली तिथे एक आंतरराष्ट्रीय नौकाविहार मंडळ स्थापन झाले. कॅनडाचे, युरोपचे नाविक तिथे उघडपणे येत. अमेरिकन नाविकही येत, पण परतताना त्यांच्या मनात धाकधूक असे.

१९९६ च्या २४ फेब्रुवारीला क्युबाच्या लढाऊ विमानांनी फ्लॉरिडाहून आलेली दोन लहान नागरी विमाने पाडली. चार माणसे गेली. त्यानंतर आठवड्याच्या आतच अध्यक्ष क्लिंटन यांनी फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावरून क्युबाच्या हद्दीत जाणाऱ्या खाजगी नौकांना तटरक्षक दलाची परवानगी सक्तीची केली. २००० साली तिथल्या काँग्रेसने तर कायद्यातच लिहिले, की निव्वळ पर्यटनासाठी क्युबाला जाण्याची परवानगी देता येणार नाही. नातेवाइकांना भेटणे, शिक्षण, पत्रकारिता, धर्मकार्य, मदतकार्य, अशी कारणे चालतील. समुद्र आवडतो म्हणून, पलीकडचे गाव पाहावेसे वाटते म्हणून, हे कारण चालणार नाही.

आपल्या पश्चिम किनाऱ्याला समुद्रावरचे परवाने नवे नाहीत. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आपल्या व्यापाऱ्यांना ‘कार्ताझ’ नावाचा परवाना घ्यायला लावत. पुढे कान्होजी आंग्र्यांनी आपली दस्तके चालवली, आणि दस्तक नसलेले गलबत ते धरत. पण तिथे एक सत्ता दुसऱ्यांच्या गलबतांना अडवत होती. इथे सरकार आपल्याच नागरिकाला अडवत होते. फरक आहे तो एवढा.

या सगळ्याच्या मागे सरकारचे म्हणणे काय होते, तेही नीट ऐकले पाहिजे. ते असे, की क्युबात बंदरे सरकारची, हॉटेले बहुतेक सरकारची. प्रवाशाने दिलेला डॉलर कोळ्याच्या किंवा शिक्षकाच्या हाती न जाता राज्यकर्त्यांच्या तिजोरीत जातो, आणि त्यावर ती राजवट टिकते. उलट बाजूचे लोक म्हणत, की इतकी वर्षे डॉलर अडवून राजवट काही हटली नाही. मग माणसांच्या ओळखी तरी का अडवता?

पण श्रोतेहो, एवढ्यावर थांबलो तर ही गोष्ट अर्धीच सांगितल्यासारखे होईल. कारण या पाण्याला दोन किनारे आहेत. अमेरिकन हौशी नाविकाची तक्रार ही, की मला मजेने जाऊ देत नाहीत. पलीकडच्या किनाऱ्यावर क्युबाचा नागरिक उभा होता. त्याला देश सोडायचा तर सरकारचा बहिर्गमन परवाना लागे. ही अट २०१३ च्या जानेवारीपर्यंत होती. विहारनौकेवर पाय ठेवणेही त्याला मुक्त नव्हते. १९८० साली कॅस्ट्रो सरकारने मारिएल बंदर उघडले, तेव्हा फ्लॉरिडाहून मासेमारीच्या आणि हौसेच्या शेकडो नावा गेल्या आणि काही महिन्यांत सुमारे सव्वा लाख माणसे ओलांडून आली. १९९४ च्या उन्हाळ्यात तीस हजारांहून अधिक माणसे तराफ्यांवर निघाली. लाकडी फळ्या, मोटारीच्या चाकांच्या रबरी नळ्या, जे हाती आले ते बांधून. वाटेत किती बुडाली त्याचा हिशेब कुणालाच मांडता आला नाही. ज्या प्रवाहात एकाने हौसेने सुकाणू धरले, त्याच प्रवाहात दुसरा जीव मुठीत धरून तरंगत होता.

२०१४ च्या १७ डिसेंबरला अध्यक्ष ओबामा आणि राऊल कॅस्ट्रो यांनी संबंध सुधारण्याची घोषणा केली. २०१५ च्या जुलैत वकिलाती उघडल्या. त्याच वर्षी नियम सैल झाले. मान्य कारणासाठी जाणाऱ्या माणसांना आपली नौका चौदा दिवसांपर्यंत क्युबात नेता येऊ लागली. की वेस्टहून हवानाला रीतसर परवानगी घेऊन शिडाच्या शर्यती निघाल्या. २०१६ च्या एप्रिलात क्युबानेही आपल्या नागरिकांना प्रवासी व व्यापारी जहाजांतून ये-जा करायला मोकळीक दिली. विहारनौकांचा प्रश्न मात्र पुढे ठेवला.

आणि मग २०१९ च्या जूनमध्ये अध्यक्ष ट्रम्प यांच्या सरकारने खाजगी नौका, विहारनौका आणि क्रूझ-जहाजे यांना दिलेली सवलत काढून घेतली. जेमतेम चार वर्षे उघडी राहिलेली वाट मिटली. की वेस्टच्या धक्क्यावर पुन्हा नौका बांधल्या गेल्या, आणि हवानात पाहुण्यांवर पोट भरणाऱ्या कित्येक लहान माणसांचा धंदा बसला. गाडी चालवणारे, खोली भाड्याने देणारे, घरगुती खानावळ चालवणारे असे ते लोक. जी माणसे सरकारवर अवलंबून न राहता आपल्या पायांवर उभी राहू पाहत होती, तीच आधी खाली बसली.

कुणी म्हणेल, हौशी माणसाच्या सहलीचे एवढे काय? पोटाचा प्रश्न थोडाच आहे? खरे आहे. पण पोटासाठी जाणाऱ्याला राज्यसत्ता कधी ना कधी वाट देते, कारण त्याचा तिला उपयोग असतो. व्यापाऱ्याला देते, वकिलाला देते, सैनिकाला तर पाठवतेच. ज्याचे काही काम नाही, ज्याला फक्त पाहायचे आहे, त्याला ती वाट देते की नाही, यावरून तिचा आपल्या नागरिकावर विश्वास किती आहे ते कळते. आणि शेजाऱ्याला न पाहिलेला माणूस शेजाऱ्याविषयी जे सांगितले जाईल ते मानतो. मग ते सांगणारा या किनाऱ्याचा असो वा त्या.

गुरुजनहो, उद्या भूगोलाच्या तासाला मुलांना हा नकाशा दाखवा. आधी त्यांना अंतर मोजू द्या. मग विचारा, की हे अंतर इतक्या वेळा बदलले कसे? मुले आधी हसतील. मैल कसे बदलतील, म्हणतील. मग हळूहळू त्यांच्या ध्यानात येईल, की नकाशावरचे अंतर मोजपट्टीने मोजता येते, पण माणसामाणसांतले अंतर मोजायला इतिहास आणि नागरिकशास्त्र ही दोन्ही पुस्तके उघडावी लागतात.