प्लास्टरचे चार आठवडे
(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत सुकापूरच्या एका सदस्य ताईंनी मांडलेलं मनोगत)



मला भाषणाची सवय नाही. हिशोबाची वही वाचायला सांगा, घडाघडा वाचते. पण माईक हातात आला की पाय लटपटतात. ताई म्हणाल्या, "तुझ्या लेकीच्या पायाचं सांग, कुणाच्या तरी उपयोगी पडेल," म्हणून उभी राहिले.

माझी धाकटी तेव्हा दोन वर्षांची होती. आपल्या सुकापुरात आता जिकडे बघाल तिकडे बिल्डिंगी झाल्यात. तशाच एका बागेतल्या घसरगुंडीवर तिला घेऊन गेले. एकटी घाबरेल म्हणून मांडीवर घेतलं आणि दोघी मिळून घसरलो. मध्येच तिच्या बुटाचा रबरी तळ कडेला चिकटला. पाय तिथंच राहिला आणि माझ्या वजनानं आम्ही दोघी खाली आलो.

पोर पडली नाही, आपटली नाही. थोडी रडली, गप्प झाली. घरी आल्यावर मात्र पाय टेकवेना. ना जखम, ना फारशी सूज. सासूबाई म्हणाल्या, लचक भरली असेल, तेल लावून चोळू. शेजारच्या काकूंनी हाड बसवणाऱ्याचा पत्ता दिला. तेल कोमटही केलं होतं. पण हात लावल्याबरोबर ती अशी किंचाळली, की सासूबाईंनीच वाटी बाजूला सारली. "उद्या डॉक्टरकडेच ने," म्हणाल्या. त्या एका वाक्यासाठी मी त्यांचे उपकार विसरणार नाही.

सकाळी पनवेलला गेलो. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी सांगितलं, पडली. त्यांनी पुन्हा विचारलं, कशी पडली, कुठून पडली? मला राग आला. वाटलं, माझ्यावर संशय घेतात. मग रडू फुटलं आणि मांडीवर घेतल्याचं खरं सांगितलं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "लहान मुलाचं हाड मोडलं की आम्हाला विचारावंच लागतं. कुणी मारलं तर नाही ना, हे बघणं आमचं काम आहे. आता तुम्ही सांगितलंत, ते या हाडाशी जुळतं." एक्स-रेत नडगीच्या हाडावर केसासारखी तिरपी रेघ होती. एक ते तीन वर्षांच्या मुलांत पाय पिळवटला की असं हाड तडकतं. कधी कधी पहिल्या एक्स-रेत ही रेघ दिसतही नाही. दहा-बारा दिवसांनी नवं हाड धरू लागलं, की मग दिसते. म्हणून एक्स-रे चांगला आला तरी पोर पाय टेकवत नसेल, तर पुन्हा दाखवायचं.

मांडीवर घेऊन घसरल्यानं पाय मोडलेली पुष्कळ मुलं येतात, असंही ते म्हणाले. पोर एकटी घसरली आणि बूट अडकला, तर ती तिथंच थांबते. आपल्या मांडीवर असली की आपलं वजन तिला खाली ओढतं. बायांनो, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. म्हणून आज तुम्हाला सांगतेय. मुलाला एकटं घसरू द्या, आपण बाजूला उभं राहून हात धरा. नाही तर घसरगुंडीच नको.

प्लास्टर चार आठवडे होतं. पहिले दोन दिवस पाय उशीवर उंच ठेवायचा होता. दर थोड्या वेळानं मी बोटं बघायची. नख दाबलं की पांढरं होतं, सोडलं की लगेच गुलाबी व्हायला हवं. बोटं निळी, पांढरी किंवा गार पडली, सुजली, मूल कशानंच गप्प होईना, ताप आला किंवा प्लास्टरमधून घाण वास आला, तर रात्र असली तरी थांबायचं नाही. कामट्या घट्ट बांधल्या तर हाच धोका असतो. रक्त अडतं, आणि मग हाड राहतं बाजूला, पाय गमवायची वेळ येते.

खाज सुटली की ती रडायची. आत पट्टी, सुई, पेन्सिल काही घालायचं नाही, कातडी सोलते. मी वरून हळू टिचक्या मारायचे, पंखा लावायचे. आंघोळ बंद, नुसतं अंग पुसायचं. खायला नाचणीची खीर आणि दूध, भाताबरोबर सुकट. नाचणीत आणि काट्यासकट खाल्लेल्या बारीक मासळीत कॅल्शियम भरपूर असतं. पण नाचणीनं हाड चार दिवसांत जुळेल असं समजू नका. लहान मुलाचं हाड लवकर जुळतं, तरी त्याला त्याचा वेळ द्यावाच लागतो.

आता गटाचं सांगते. मी डबे करते. पोर चोवीस तास कडेवर, त्यात प्लास्टरचं वजन. डबे बंद पडले. गटानं तीन हजारांचं अंतर्गत कर्ज लगेच दिलं, म्हणून सावकाराच्या दारात गेले नाही. पण दोन बैठका चुकल्या, आणि नियमाप्रमाणे मला दंड लागला. दहा-दहा रुपयेच, पण त्या रात्री मी फार रडले. पैशासाठी नाही. वाटलं, माझ्याच बायांनी मला गैरहजर लिहिलं.

तिसऱ्या आठवड्यात मात्र सगळ्या जणी वही, पेटी घेऊन माझ्या ओटीवर आल्या. बैठक तिथंच झाली. दोघींनी आळीपाळीनं पोरीला सांभाळलं, आणि कितीतरी दिवसांनी मी दोन्ही हातांनी जेवले.

प्लास्टर निघालं तेव्हा पाय बारीक झाला होता, कातडीचे पापुद्रे निघत होते. ती आधी रांगली, मग तीन आठवडे लंगडली. मी घाबरले, पण डॉक्टर म्हणाले, हे होतंच. ओढू नका, चोळू नका, तिचं ती चालेल. आज ती बघा, त्या दाराशी पळतेय.

जाता जाता तीन गोष्टी. एक, पोराचा पाय दुखावला तर ओढायचा नाही, चोळायचा नाही. पुठ्ठा किंवा उशीचा आधार देऊन न्यायचं. मांडीचं हाड वाटलं किंवा हाड बाहेर दिसलं तर १०८ ला फोन करायचा, आणि भूल द्यावी लागेल का हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय खायला घालायचं नाही. दोन, दवाखान्यात दाखल करायची किंवा ऑपरेशनची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आधी भेटा, उपचार योजनेत बसतो का विचारा. ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावानं पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला रायगड होता. रेशनकार्ड आणि आधार एका पिशवीत तयार ठेवा.

तिसरी गोष्ट ग्रामसंघाकडे मागते. घरात आजारी लेकरू असेल त्या बाईला बैठकीचा दंड नको. नियमित बैठक हे आपलं पहिलं सूत्र आहे, मान्य. पण दशसूत्रीत आरोग्यही आहेच ना? ती येऊ शकत नसेल तर बैठक तिच्या ओटीवर न्या. हा ठराव आज मांडावा, अशी माझी विनंती आहे.

आणि ज्या आईच्या हातून असं काही झालंय, तिला एवढंच सांगते. खरं सांग, लपवू नकोस. लपवून पोराचं नुकसान होतं, आणि तुझंही.