नदी कुठून वाहत होती?

(पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



कुर्ल्याचे नाव कुर्ल्यांवरून, म्हणजे खेकड्यांवरून पडले, असे तेथील जुने रहिवासी सांगतात. ते खरे असो वा नसो, त्यामागे एक आठवण आहे. येथे खाजण होते, तिवरे होती, भरतीचे पाणी आत येत होते. आज मिठीकाठच्या मुलाला विचारा. तो तिला नाला म्हणतो. विहार आणि पवई तलावांचे ओसंडणारे पाणी घेऊन सुमारे 18 किलोमीटर वाहणारी आणि माहीमच्या खाडीला मिळणारी ही नदी आहे, हे त्याला कोणी सांगितलेच नाही.

नदीचा नाला आपोआप होत नाही. विमानतळासाठी तिला वळविले, वांद्रे-कुर्ला संकुलासाठी खाजणात भराव टाकला, कारखान्यांनी सांडपाणी सोडले. गरिबाला दुसरीकडे जागा मिळेना, म्हणून तो काठावर वसला. दोष मात्र बहुधा त्यालाच दिला जातो!

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. शहराची जुनी गटारे तासाला 25 मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेली. त्यात समुद्राला भरती. पूर्वी खाजण असे पाणी काही काळ पोटात घेई. ते बुजल्यावर पाणी घरांत शिरले. मुंबईत शेकडो माणसे दगावली.

पालकहो, खोली घेताना आपण भाव विचारतो, नळाची वेळ विचारतो. ही जमीन पूर्वी काय होती, हे विचारीत नाही. ते ठाऊक असलेली माणसे एकेक करून जात आहेत.

म्हणून विद्यार्थ्यांनो, या सुटीत एक वही घाला. दादी-नानीजवळ बसा, मशिदीच्या ओट्यावरील बुजुर्गांना गाठा, शेजारच्या कोळी आणि ईस्ट इंडियन घरांतही जा. विहीर कुठे होती? मासे कधीपर्यंत मिळत? पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढले? मराठीत लिहा, उर्दूत लिहा. आठवण दगा देते, म्हणून एकच गोष्ट दोघातिघांना विचारा आणि जुन्या नकाशाशी ताडून पाहा. आणि 2005 च्या पुराची खूण एखाद्या भिंतीवर अजून असेल, तर रंगारी येण्यापूर्वी जमिनीपासून तिची उंची मोजून घ्या.