बापलेकाची पायवारी

आमचे गाव मोहोळ तालुक्यात. पंढरपूर तेथून दीड दिवसाच्या पायवाटेवर. सकाळी भाकरी बांधून निघालेला गडी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चंद्रभागेत पाय धुतो. असे असता माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, दर वर्षी ज्येष्ठ महिन्यात पंढरपुराकडे पाठ फिरवीत, एस.टी.ने आधी आळंदी गाठीत आणि तेथून ज्ञानोबांच्या पालखीबरोबर चालत पुन्हा आपल्याच जिल्ह्यात येत. लहानपणी मला याचे हसू येई. मोठेपणी राग येऊ लागला. देव शेजारी असताना अडीचशे किलोमीटरांचा हा वळसा कशासाठी? शिक्षक झाल्यावर मी हा हिशेब एकदा त्यांच्यापुढे मांडला. ते म्हणाले, "गुरुजी, गणित बरोबर हाय. पर मला नुसता देव गाठायचा न्हाई, वाट चालायची हाय."

रागाचे खरे कारण मात्र वेगळेच होते. वारीचे दिवस म्हणजे आमच्याकडे पेरणीचे आणि शाळा उघडण्याचे दिवस. पाऊस झाला की गावातली प्रत्येक पाभर रानात जाई. आमच्या घरचा कर्ता पुरुष तेवढा वारीत. मग आई शेजारच्यांची बैलजोडी सावडीने आणी आणि स्वतः चाड्यावर मूठ धरी. वह्या-पुस्तकांना पैसे मागायला मी आईकडेच जाई, आणि ती पदराच्या गाठीत नसलेले पैसे शोधत राही. हे मी कधी बोललो नाही. पण मनात धरून ठेवले. आबांनी पुष्कळदा विचारले, "येतोस का औंदा?" मी दर वेळी शाळेचे निमित्त सांगितले.

पुढे २०२० आणि २०२१ या दोन वर्षी करोनाच्या साथीमुळे पायी वारी झाली नाही. पादुका एस.टी. बसने पंढरपुरास गेल्या. त्या दोन आषाढांत आबा ओट्यावर बसून राहिले. २०२२ साली वारी पुन्हा निघणार असे कळले, तेव्हा त्यांचे वय चौऱ्याहत्तर होते आणि उजवा गुडघा दुखत होता. ते ऐकणार नाहीत हे सर्वांना ठाऊक होते. आई मला म्हणाली, "तू जा त्यांच्या संगं." मी अर्धपगारी रजा काढली. सांगावयास लाज वाटते, पण मी वारकरी म्हणून गेलो नव्हतो. राखणदार म्हणून गेलो होतो.

२१ जूनला आळंदीहून प्रस्थान झाले. पालखीची ही प्रथा कशी सुरू झाली ते आपणांपैकी पुष्कळांना माहीत असेल. तुकोबांचे धाकटे पुत्र नारायणबाबा यांनी १६८५ साली ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून वारी चालविली असे परंपरा सांगते. वडील गेले तेव्हा नारायणबाबांचा जन्मही झाला नव्हता, असेही म्हणतात. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी माउलींचा सोहळा स्वतंत्र केला आणि त्याला आजची शिस्त लावली. म्हणजे ज्या मुलाला बाप पाहावयासही मिळाला नाही, त्याने बापाच्या पादुकांबरोबर ही वाट चालण्याचा पायंडा पाडला. मला तर बाप हाताशी होता, आणि मी त्याच्याबरोबर चालत नव्हतो.

चालत नव्हतो हे अगदी शब्दशः खरे आहे. पुण्याहून सासवड हा या वाटेवरचा सर्वांत मोठा टप्पा, सुमारे तीस किलोमीटरांचा. त्यात दिवे घाटाची चढण, आणि त्या दिवशी एकादशी, म्हणजे उपवास. घाटात माउलींच्या रथालाही जादा बैलजोड्या लावाव्या लागतात. मी शाळेत मुलांबरोबर धावणारा माणूस. मी झपझप पुढे जाई, रस्त्याकडेला बसे, पाणी पिई. वीस-पंचवीस मिनिटांनी आबा येत. ते आले की मी म्हणे, "चला," आणि उठून पुढे निघे. घाटमाथ्यावर ते पोहोचले तेव्हा त्यांचा चेहरा काळवंडला होता. आमच्या दिंडीतली एक म्हातारी हे सकाळपासून पाहत होती. ती म्हणाली, "माउली, तू बसून इसावा घेतोस, आन् त्यो आला की चालाया लागतोस. मग त्येनं बसायचं कवा?"

श्रोतेहो, इतकी वर्षे मी मुलांना गणित शिकविले, पण हा साधा हिशेब मला सुटला नव्हता. वाट पाहणे म्हणजे सोबत करणे, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात विसावा सगळा माझा होता आणि चाल सगळी त्यांची होती.

त्या रात्री सासवडच्या तळावर पुंडलिकाची गोष्ट आठवली. ती मी वर्गात कितीदा सांगितली असेल! तिचा एक प्रकार असा आहे की, पुंडलिकाचे म्हातारे आईबाप काशीच्या वाटेने पायी निघाले, तेव्हा पुंडलिक आणि त्याची बायकोही त्याच वाटेला होती, पण घोड्यावर. वाट एक, मुक्काम एक, तरी ती सोबत नव्हे. त्याचे डोळे पुढे उघडले, आणि आईबापांच्या सेवेत त्याने दारी आलेल्या देवालाही विटेवर थांबविले. मुलांना मी नेहमी विटेपासून पुढची गोष्ट रंगवून सांगत असे. घोड्याची गोष्ट घाईने उरकीत असे.

सासवड सोडल्यापासून मी आबांच्या मागे चालू लागलो. मागून चालले म्हणजे माणूस दिसतो. उतारावर त्यांचा उजवा पाय आधी अडखळतो, ऊन वर आले की ते पाणी मागत नाहीत पण ओठांवरून जीभ फिरवितात, हे मला त्यांच्या मागे चालल्यावर कळले. त्यांचे सामान दिंडीच्या मालमोटारीत टाकले. खांद्यावर पडशी तेवढी राहिली, तीत रक्तदाबाच्या गोळ्या आणि मिठासाखरेची पुडी. तासाभराने दहा मिनिटे बसावयाचे, आणि दोघांनी मिळून बसावयाचे, असा नेम ठरविला. रस्ता रुंद होताना जुन्या झाडांपैकी पुष्कळ गेली, म्हणून सावली दिसली की नेम मोडूनही बसत असू. जेजुरी झाली, वाल्हे झाले. नीरेच्या काठी पादुकांना स्नान घडले, आणि आम्ही सातारा जिल्ह्यात शिरलो.

लोणंदच्या तळावर मात्र माझ्या मनातली गाठ सुटली. मुक्कामावर संध्याकाळी समाजआरती होते. हजारो टाळ-मृदंग एकाच वेळी वाजत असतात. चोपदार दंड उंच करतात आणि क्षणात सगळे शांत होते. मग हरवल्या-सापडल्या वस्तूंची नावे पुकारतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी मात्र टाळ थांबवीत नाही, वाजवीतच राहते. चोपदार तिकडे जातात, तक्रार ऐकून घेतात, आणि मग आरती होते. तक्रार पोटात ठेवून कोणी आरतीला उभे राहू नये, अशी ही रीत.

राहुटीत परतल्यावर मी आबांना म्हणालो, "माझा टाळ वाजतोय." ते समजले नाहीत. मग मी सगळे बोललो. पेरणीचे, वह्यांचे, आईच्या पदराच्या गाठीचे. पन्नाशीच्या माणसाने असे बोलावे हे विचित्रच. मला वाटले, ते देवाचे नाव पुढे करतील. त्यांनी तसे काही केले नाही. बराच वेळ पाय चोळीत बसले आणि म्हणाले, "तुझं बरुबर हाय. ती पेरत व्हती म्हणून मी चाललो. निम्मी वारी तिची हाय. म्या तिला कवा सांगितलं न्हाई, एवढं चुकलं." एवढेच बोलून ते आडवे झाले. मला पहाटे तिसऱ्या कर्ण्यापर्यंत झोप लागली नाही.

फलटण, बरड ओलांडून धर्मपुरीजवळ आपला सोलापूर जिल्हा लागला. सदाशिवनगरला गोल रिंगण झाले. माउलींचा अश्व दौडत गेला, आणि लहान मुलाने उचलावी तशी आबांनी त्याच्या टापेखालची माती कपाळाला लावली. पुढे वेळापूरच्या अलीकडे एक उतार लागतो. तेथून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी आख्यायिका आहे, म्हणून सारे वारकरी तो उतार धावत उतरतात. आबांनी त्यांच्या खांद्यावरची पताका माझ्या हातात दिली. "आता तू पळ. मी मागनं येतो." मी म्हणालो, "तुम्हांला सोडून नाही जात." ते हसले. "सोडून जा म्हणतोय कोण? पुढं जा म्हणतोय."

मी पळालो. उताराच्या पायथ्याशी पताका धरून उभा राहिलो. या वेळी बसलो नाही. ते हळूहळू उतरून आले, मग आम्ही दोघे मिळून बांधावर बसलो. १० जुलैला आषाढी एकादशी झाली. चंद्रभागेत आबांचा हात धरून उतरलो. पाण्याशेजारी पुंडलिकाचे देऊळ आहे, तेथे आधी डोके टेकले आणि मग दुरून कळसाला हात जोडले.

गोष्ट येथे संपत नाही. २०२३ साली पाऊस लांबला होता. आबा म्हणाले, "औंदा घर मी धरतो. तू तिला घिऊन जा." मला किरकोळ रजाच मिळण्यासारखी होती, म्हणून मी सत्तरी गाठलेल्या आईला घेऊन वेळापूरपासून चार दिवस चाललो. जन्मभर पंढरपूर जिच्या शेजारी, ती त्या वाटेने पहिल्यांदाच चालत होती. तिची चाल आबांहूनही मंद. वाखरीच्या तळावर सगळ्या पालख्यांची गर्दी पाहून ती कितीतरी वेळ उभी राहिली. मी म्हणालो, "आबा घरी वाट बघत असतील." ती म्हणाली, "बघू दे की. मागं ऱ्हाणाऱ्याला दिस किती मोठा असतो, ते आता कळू दे त्येंना." आणि तोंडाला पदर लावून हसली.

माझ्या शेतकरी बंधुभगिनींनो, शिक्षक मित्रांनो, वारीत सगळे एकमेकांना 'माउली' म्हणतात. मुलगा बापाला म्हणतो, बापही मुलाला म्हणतो. हा शब्द तोंडी रुळावयास मला चौदा-पंधरा मुक्काम लागले. आपल्या घरी वारी असो वा नसो, शेताची, बाजाराची, दवाखान्याची वाट प्रत्येकाला असतेच. त्या वाटेने म्हाताऱ्या माणसाबरोबर कधी निघालात, तर पुढे जाऊन त्यांची वाट पाहत बसू नका. एक पाऊल मागे राहा. त्यांना केव्हा बसावेसे वाटते ते पाहा, आणि ते बसले की तुम्हीही बसा. मनात जुनी तक्रार असेल तर ती चालता चालता बोलून टाका. आणि ज्यांच्या घरून कोणी वारीला जाते, त्यांनी मागे राहून पेरणी करणाऱ्या माणसाला एकदा तरी विचारावे, "औंदा तू जातेस का?"