दमा, पंप आणि डबा

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात दम्यावर बोलायचे तर सुरुवात हवेपासूनच करावी लागते. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनी नदीत रसायन ओतले गेले आणि उल्हासनगरातल्या शेकडो माणसांना रुग्णालयात न्यावे लागले. जून २०२१ मध्ये बदलापुरात आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अंबरनाथमध्ये वायुगळती झाली. या घटनांची बातमी तरी झाली. रस्त्यावरच्या रोजच्या धुराची होत नाही, आणि दमेकऱ्याला तोही पुरतो.

ओझोन, नायट्रोजन डायऑक्साइड, सूक्ष्म धूलिकण श्वासनलिकेत शिरले की तिथे मुक्त मूलके तयार होतात. त्यांना आवरायला अस्तरावरच्या पातळ द्रवात ग्लुटाथिऑन आणि क जीवनसत्त्व ही अँटिऑक्सिडंट असतात. दमेकऱ्याची नलिका मात्र आधीच सुजलेली असते आणि त्या सुजेत जमलेल्या पेशी स्वतःही अशीच मूलके सोडतात. दोन्हीकडून मारा झाला की संरक्षण अपुरे पडते. हाच ऑक्सिडेटिव्ह ताण. त्याने सूज वाढते, कफ वाढतो, नलिका आक्रसते.

मग अँटिऑक्सिडंट पूरकांचा डबा घेतला की काम झाले? मेक्सिको सिटीत दमा असलेल्या १५८ मुलांवरचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. क आणि ई जीवनसत्त्वे दिलेल्या, विशेषतः तीव्र दम्याच्या मुलांत, ओझोनचा फुप्फुसांवरचा परिणाम कमी दिसला. आपल्यासारख्या प्रदूषित शहरातली ही गोष्ट मला मोलाची वाटते. पण २०१२ चा ऑस्ट्रेलियातला प्रयोगही ऐका. भाज्या-फळे कमी खाणाऱ्या दमेकऱ्यांचा त्रास बळावण्याची शक्यता भरपूर खाणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त होती; कमी खाणाऱ्यांना टोमॅटोच्या अर्काच्या गोळ्या देऊनही फरक पडला नाही. आणि फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटीन दिले, तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला आढळला. जे ताटात हितकारक, ते गोळीतही असेलच असे नाही.

म्हणून आवळा, पेरू, पालेभाजी, आणि हंगामात आपली बदलापूरची जांभळे जरूर खा. मात्र जांभळाने दमा बरा होतो, असे मी म्हणणार नाही. अशा पूरकांच्या, म्हणजे न्यूट्रास्युटिकलच्या, डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापण्याचा नियम आहे; तो मजकूर वाचा.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. ‘पंपाची सवय लागते’ या भीतीने घरातली माणसे मुलाचा स्टेरॉइडचा पंप, म्हणजे इनहेलर, बंद करतात आणि महिन्याचे पैसे डब्यावर घालवतात. पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, तो थेट श्वासनलिकेत पोहोचतो आणि सूज उतरवतो. बरे वाटले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो थांबवू नका. लहान मुलाला पंपाला स्पेसरची नळी लावूनच द्या. आणि रात्री उग्र वास आला तर खिडक्या बंद करा, तातडीचा पंप हाताशी ठेवा. त्यानेही धाप थांबली नाही, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.